दारू सोडायची आहे, पण जायचे कुठे?

संध्याकाळचे सात वाजत आलेले असतात. महापालिकेच्या शाळेतील मुले केव्हाच घरी गेलेली असतात. फळ्यावर दुपारचे गणित तसेच असते आणि लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसे थोडी अवघडून बसू लागतात. कुणी कचेरीतून परस्पर आलेला असतो, कुणी रिक्षा कोपऱ्यावर लावून आलेला असतो, कुणी सेवानिवृत्त अधिकारी असतो. एकजण चहाची किटली आणून ठेवतो, दुसरा टेबलावर पुस्तके मांडतो. मुंबईत वर्षानुवर्षे अशा वर्गखोल्यांत, चर्चच्या सभागृहांत आणि समाजमंदिरांत दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा भरत आल्या आहेत.

अनेकदा त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडे, पानाच्या टपरीजवळ, एक माणूस घुटमळत असतो. पत्ता त्याच्या खिशात असतो, वेळही ठाऊक असते. फाटकातून आत जाणाऱ्यांकडे तो पाहतो, त्यांत ओळखीचे कुणी नाही ना याचा अंदाज घेतो आणि परत फिरतो. घरी जाताना वाटेत परमिट रूम लागतेच.

दारूच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी मदत कुठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर शहरात राहणाऱ्या माणसाला मिळणे आज फारसे कठीण राहिलेले नाही. कठीण असते ते फाटकापासून वर्गापर्यंतचे वीस पावलांचे अंतर. ते कसे कापावे, कापल्यावर आत काय भेटते आणि त्याआधी कोणती काळजी घ्यावी, याची माहिती मात्र फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचलेली आहे.

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार १० ते ७५ या वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात आणि त्यांपैकी पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे. मद्यावर पूर्णतः अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळालेले होते. उरलेल्या ३७ जणांपैकी किती जण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे राहून परतले असतील, याची नोंद कोणत्याही पाहणीत होत नाही.

निश्चय असतो, मंडळ नसते

मराठी माणसाला दारूची शोकांतिका नव्याने सांगावी लागत नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून सुधाकर आणि सिंधू ही दोन नावे मराठी घरांत परिचयाची आहेत. या नाटकातील एक तपशील मात्र अनेकदा केवळ विनोदाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. तो म्हणजे तळीरामाचे 'आर्य मदिरा मंडळ'. सुधाकराला पहिल्या प्याल्याकडे नेणारा तळीराम एकटा नव्हता. त्याच्यामागे एक अख्खे मंडळ होते, त्याची नियमित बैठक होती आणि तिथे कुणाचीही विचारपूस न करता स्वागत होत होते. दारू सोडण्याचा निश्चय सुधाकरानेही केला होता. त्या निश्चयाला साथ देणारे मंडळ मात्र त्याच्याजवळ नव्हते.

शंभर वर्षांनंतरही स्थिती फारशी बदललेली नाही. शहरी मराठीत दारू पिण्याला 'बसणे' असा शब्द रूढ झाला आहे. 'आज बसायचे का?' या प्रश्नात कुठेही दारूचा उल्लेख नसतो, आमंत्रण असते ते सोबतीचे. व्यसन जडल्यानंतर माणूस पुढे एकटाच पिऊ लागतो हे खरे, पण त्याच्या दिवसातील संध्याकाळ तोवर दारूच्या नावे लिहून दिलेली असते. कचेरी सुटण्याची वेळ, ठरलेला रस्ता, ठरलेले टेबल, पगाराची तारीख, शनिवारची रात्र या साऱ्या गोष्टी मेंदूमध्ये दारूशी जोडल्या जातात. त्या समोर आल्या की ओढ आपोआप जागी होते. सकाळी, पश्चात्तापाच्या भरात आणि मुलांच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी नसते. तिला संध्याकाळी सात वाजता जाण्यासाठी जागा नसते, एवढेच.

सहायता गटाच्या सभा बहुधा याच वेळेला भरतात, यामागील व्यवहारी शहाणपण इथे लक्षात येते. जी संध्याकाळ रिकामी राहिली तर पुन्हा गुत्त्याकडेच वळेल, ती सभेने भरून काढली जाते. बसायचे असतेच, फक्त जागा आणि सोबती बदलतात.

अ‍ॅक्रनमधील दूरध्वनी

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' म्हणजेच 'ए.ए.' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चळवळीचा जन्मही अशाच एका रिकाम्या संध्याकाळी झाला. न्यूयॉर्कमध्ये शेअर बाजाराच्या व्यवसायात असलेला बिल डब्ल्यू. हा गृहस्थ १९३५ च्या मे महिन्यात ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन या गावी एका व्यवहारासाठी गेला होता. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला. हॉटेलच्या दालनात तो एकटा उभा होता आणि बारमधून हास्यविनोद ऐकू येत होते. तिथे जाण्याऐवजी तो दूरध्वनीकडे गेला आणि दालनात लावलेल्या चर्चच्या यादीवरून त्याने दूरध्वनी करायला सुरुवात केली. त्याची चौकशी एकच होती : या गावात आपल्यासारखाच कुणी मद्यपी आहे का, ज्याच्याशी बोलता येईल?

त्या शोधातून त्याची गाठ डॉ. बॉब या स्थानिक शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक वेळ देणार नाही, असे बजावून आलेले डॉ. बॉब कित्येक तास बोलत बसले. उपदेश करणारे त्यांना आजवर पुष्कळ भेटले होते, स्वतःच्या दारूविषयी उघडपणे सांगणारा माणूस प्रथमच भेटला होता. या भेटीनंतरही डॉ. बॉब यांचा एकदा तोल गेला. वैद्यकीय परिषदेसाठी बाहेरगावी गेले असता ते पुन्हा प्यायले. त्यांनी अखेरची दारू घेतली तो दिवस, १० जून १९३५, हाच पुढे ए.ए.चा स्थापना दिन मानला जाऊ लागला. सहसंस्थापकाचीच घसरण चळवळीच्या जन्मकथेत नोंदलेली आहे, ही बाब सभेच्या दाराशी अडखळणाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १९३९ साली चळवळीचे मूळ पुस्तक निघाले. मार्च १९४१ मध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' या साप्ताहिकात आलेल्या लेखाने ती अमेरिकेत घरोघरी पोहोचली. भारतात तिने १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ धरले आणि मुंबई हे तिचे एक प्रमुख केंद्र बनले. आज जगातील सुमारे १८० देशांत तिचे गट आहेत. महाराष्ट्रात इंग्रजी, हिंदी आणि कोकणीबरोबरच मराठीतूनही सभा चालतात आणि तिचे साहित्य मराठीत उपलब्ध आहे.

सभेत नेमके काय होते?

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात सर्वाधिक भीती असते ती 'उभे करून विचारतील' याची. प्रत्यक्षात तसे घडत नाही. सभा साधारण एक ते दीड तासाची असते. एक सदस्य सूत्रे सांभाळतो, चळवळीच्या साहित्यातील एखादा उतारा वाचला जातो आणि मग ज्यांना इच्छा असेल ते एकेक करून बोलतात. बोलणारा स्वतःचे केवळ पहिले नाव सांगतो, आपण मद्यपी आहोत असे म्हणतो आणि आपल्या आयुष्यात काय घडले, दारू कशी सुटली, आज काय अडचण आहे हे सांगतो. मध्ये कुणी टोकत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नवागताने पहिल्या दिवशी गप्प बसून ऐकले तरी चालते. 'आज फक्त ऐकायला आलो आहे' एवढे वाक्य पुरेसे असते.

ए.ए.मध्ये प्रवेशशुल्क नाही, वर्गणी नाही, अर्ज नाही, ओळखपत्राची मागणी नाही. सदस्यत्वाची अट एकच : दारू थांबवण्याची इच्छा. सभेच्या शेवटी थैली फिरते, तिच्यात सदस्य यथाशक्ती पैसे टाकतात आणि त्यातून खोलीचे भाडे व चहाचा खर्च भागतो. नवागताने काही टाकलेच पाहिजे असे नाही. बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत हा चळवळीचा दंडक आहे. त्यामुळे तिच्यावर कोणत्याही देणगीदाराचा, पक्षाचा किंवा धर्मसंस्थेचा अधिकार चालत नाही. सभा चर्चच्या सभागृहात भरली तरी ती चर्चची नसते आणि शाळेत भरली तरी ती महापालिकेची नसते.

नावातच असलेली अनामिकता ही तिची दुसरी मोठी सोय आहे. सभेत कोण दिसले आणि कोण काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, असा संकेत असतो. ओळखीचे कुणी भेटेल ही भीती मात्र पूर्णतः निराधार म्हणता येत नाही. एकाच उपनगरात वर्षानुवर्षे राहणाऱ्याला आत एखादा शेजारी किंवा सहकारी भेटू शकतो. पण तो शेजारीही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो, हे भीतीच्या भरात ध्यानात येत नाही. तरीही संकोच वाटत असेल तर सुरुवातीला दोन-तीन स्थानके पलीकडची सभा निवडण्यास काहीच हरकत नसते. अनेक जण तसेच करतात.

सभा दोन प्रकारच्या असतात. 'बंद' सभा केवळ मद्यपींसाठी किंवा ज्यांना आपल्याला तशी समस्या असावी असे वाटते त्यांच्यासाठी असते. 'खुल्या' सभेला कुटुंबीय, विद्यार्थी, डॉक्टर, समाजसेवक असे कुणीही येऊन बसू शकते. पत्नी, भाऊ किंवा मित्राला सोबत घेऊन जायचे असेल तर खुली सभा निवडावी, म्हणजे दारात गोंधळ होत नाही.

सभा शोधायची कशी?

पहिला मार्ग थेट आहे. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर शहरनिहाय सभांची माहिती आणि संपर्क क्रमांक दिलेले असतात. तिथे दूरध्वनी केल्यास पलीकडे बहुधा स्वतः दारू सोडलेला सदस्यच असतो. त्याला पाच गोष्टी विचाराव्यात : आपल्या भागातील सभा कोणत्या वारी आणि किती वाजता आहे, ती कोणत्या भाषेत चालते, खुली आहे की बंद, आत जाण्याचा नेमका रस्ता कोणता आणि त्या दिवशी दाराशी कुणी भेटेल का. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

त्याचे महत्त्व एका छोट्या अभ्यासाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९८१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मद्याच्या समस्येवर उपचार घेणारी २० माणसे होती. त्यांपैकी अर्ध्या लोकांना सभेचे ठिकाण, वेळ आणि तिथे जाण्याचा सल्ला देण्यात आला. उरलेल्यांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्यासमोरच एका ए.ए. सदस्याला दूरध्वनी लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि त्या सदस्याने त्यांना सभेला घेऊन जाण्याची तयारी दाखवली. ज्यांना सोबत मिळाली ते सगळेच्या सगळे आठवड्याभरात सभेला गेले. ज्यांच्या हाती केवळ पत्ता होता, त्यांच्यापैकी एकही गेला नाही.

माणसे इतकी थोडी असल्याने या आकड्यांचा फार गाजावाजा करणे योग्य नाही. पण रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या माणसाचे कोडे त्यातून उलगडते. चिठ्ठीवरचा पत्ता लाज, भीती आणि थरथरणारे हात यांच्यापुढे टिकत नाही. 'मी पावणेसात वाजता फाटकाशी उभा असेन, पांढरा शर्ट घातलेला असेल' असे सांगणारा अनोळखी आवाज टिकतो. म्हणूनच कुटुंबीय, डॉक्टर किंवा मित्र यांनी कागदावर पत्ता लिहून देण्यावर समाधान मानू नये. समोर बसून दूरध्वनी लावून द्यावा, आणि शक्य तर त्याच दिवशीची सभा गाठावी. दारू सोडण्याची इच्छा पुष्कळदा काही तासांपुरतीच उघडी असणारी खिडकी असते. पुढच्या सोमवारपर्यंत ती उघडी राहीलच, याचा भरवसा नसतो.

यादीवरील माहिती जुनी असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. परीक्षा, निवडणुका किंवा डागडुजीच्या काळात शाळेची खोली मिळत नाही आणि सभेची जागा बदलते. बंद दारावर धडकून परतलेला नवागत पुन्हा येईलच असे नाही. यासाठी निघण्यापूर्वी खात्रीचा एक दूरध्वनी करावा, आणि जवळची दुसरी एखादी सभाही टिपून ठेवावी.

दुसरा मार्ग रुग्णालयातून जातो. शासकीय आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतील मनोविकार विभागात व्यसनाधीनतेवर उपचार होतात. तेथील वैद्यकीय समाजसेवकांना परिसरातील सहायता गटांची माहिती असते. ज्यांना कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाहिनी आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली १४४१६ ही 'टेलिमानस' मानसिक आरोग्य मदतवाहिनी, असे दोन क्रमांक आहेत. दोन्हींसाठी पैसे पडत नाहीत.

तिसरा मार्ग व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातील संस्थांचा. पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले 'मुक्तांगण', मुंबईत वांद्रे येथे फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेले 'कृपा फाउंडेशन', साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभे केलेले 'परिवर्तन' ही त्यांतील परिचित नावे. या संस्था आणि ए.ए. यांच्यातील फरक समजून घेणे आवश्यक आहे. संस्थेत डॉक्टर, समुपदेशक आणि कर्मचारी असतात, निवासी उपचार असतात आणि त्यांचे शुल्कही असू शकते. ए.ए. हा उपचार देणारा दवाखाना नाही. तिथे सगळेच एकमेकांचे रुग्ण आणि एकमेकांचे आधार असतात. निवासी उपचारांनंतर घरी परतलेल्याला खरी परीक्षा पहिल्या काही महिन्यांत द्यावी लागते. म्हणून 'मुक्तांगण'सारख्या संस्था वेगवेगळ्या शहरांत पाठपुराव्याच्या बैठका घेतात. त्या बैठकांचा उपयोगही अशाच सोबतीसारखा होतो.

प्रवेशासाठी पैसे मागणारा, गाडी पाठवून माणसाला बळजबरीने उचलून नेण्याचे आश्वासन देणारा किंवा हमखास बरे करण्याची हमी देणारा कुणी ए.ए.चे नाव घेत असेल, तर तो ए.ए. नव्हे, एवढे निश्चित समजावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचाही मानसिक आजारांच्या व्याख्येत समावेश केला आहे आणि रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास कायद्याने बंदी आहे.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक गट संगणकावर आणि भ्रमणध्वनीवर भरू लागले आणि त्यांतील पुष्कळसे आजही चालू आहेत. रात्रपाळी करणारे, लहान गावांत राहणारे, आजारी माणसे आणि परदेशात मराठी किंवा हिंदी सभा शोधणारे यांची त्यामुळे सोय झाली आहे. स्त्रियांसाठी तर ही सोय विशेष मोलाची आहे. पुरुषाच्या दारूकडे दुर्लक्ष करणारा समाज स्त्रीच्या दारूला क्षमा करत नाही. परिणामी बहुतेक स्त्रिया मदत मागायला फार उशिरा येतात. पुरुषांनी भरलेल्या खोलीत जाणे अवघड वाटत असेल, तर एखाद्या स्त्री सदस्याशी बोलणे करून द्यावे अशी विनंती दूरध्वनीवर करता येते.

सभेआधी डॉक्टर केव्हा?

येथे एक गंभीर इशारा देणे आवश्यक आहे. दीर्घकाळ, रोज आणि मोठ्या प्रमाणात दारू पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की हात थरथरणे, घाम येणे, मळमळ, निद्रानाश, अस्वस्थता अशी लक्षणे काही तासांत दिसू लागतात. काहींना शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येतात. काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ लागतो, नसलेल्या वस्तू दिसतात, स्थळकाळाचे भान सुटते, ताप येतो. ही वैद्यकीय आणीबाणी असते आणि तिला रुग्णालयाखेरीज दुसरा उपाय नाही.

सकाळी उठल्याबरोबर हात स्थिर होण्यासाठी पेग घ्यावा लागणारा, पूर्वी कधी दारू सोडताना झटके आलेला किंवा यकृताचा आजार असलेला माणूस असेल, तर त्याने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्यांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी. त्यासाठी प्रभावी औषधे आहेत, त्यांच्या जोडीला 'ब१' जीवनसत्त्वही दिले जाते. सभेला जाण्यासाठी मात्र हे सारे संपेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. डॉक्टर शरीर सावरतात, सभा संध्याकाळ सावरते. दोहोंत स्पर्धा नाही.

घरातील माणसांचे काय?

ज्या घरात दारू शिरते, तेथील आजारी माणूस कधीच एकटा नसतो. किल्लीचा आवाज ऐकून आजचा अंदाज घेणारी मुले, कचेरीत 'ताप आला आहे' असे खोटे कळवणारी पत्नी, उधारी फेडणारे म्हातारे वडील हे सगळे त्या आजाराच्या कक्षेत फिरत असतात. त्यांच्यासाठी 'अल-अ‍ॅनॉन' ही स्वतंत्र चळवळ आहे. तिची स्थापना १९५१ साली झाली आणि तीत बिल डब्ल्यू. यांच्या पत्नी लोइस यांचा पुढाकार होता. किशोरवयीन मुलांसाठी तिचीच 'अलाटीन' ही शाखा आहे. मद्यपींच्या पत्नींसाठी 'मुक्तांगण'ने 'सहचरी' हा गट चालवला आहे.

या सभांना जाण्यासाठी घरातील पिणाऱ्याने दारू सोडलेली असण्याची गरज नसते. ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 'ते सुधारले की मग आमचेही सगळे ठीक होईल' असे म्हणत अनेक स्त्रिया १५-२० वर्षे काढतात. आपण त्याला दारू प्यायला लावलेले नाही आणि आपल्या रडण्याने किंवा भांडण्याने ती सुटणारही नाही, हे कळले की घरातील माणसांच्या खांद्यावरचे मोठे ओझे उतरते. घरात मारहाण होत असेल, तर स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता ही पहिली गोष्ट, सभा त्यानंतर.

'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून जेवणात किंवा चहात गुपचूप औषध मिसळण्याचे प्रकार अजूनही अनेक घरांत होतात. ते अत्यंत धोक्याचे आहे. डायसल्फिराम या औषधावर दारू घेतल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरणे अशी तीव्र प्रतिक्रिया येते आणि प्रसंगी मृत्यूही ओढवू शकतो. हे औषध रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे असते.

शंका आणि मर्यादा

ए.ए.विषयी घेतला जाणारा एक आक्षेप असा की, तिच्या बारा पायऱ्यांमध्ये ईश्वराचा उल्लेख येतो. विवेकवादी माणसाला तो खटकणे स्वाभाविक आहे. चळवळीत मात्र प्रत्येकाने आपल्या आकलनाप्रमाणे त्याचा अर्थ लावावा, अशी मोकळीक असते. स्वतःहून मोठी अशी शक्ती म्हणजे आपला गटच, असे मानणारे नास्तिक सदस्यही तिच्यात आहेत. तरीही ज्याला ही भाषा रुचणार नाही, त्याच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशन आणि संस्थांचे पाठपुरावा गट हे मार्ग आहेतच.

दुसरी शंका परिणामकारकतेची. 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक लोकांचा विचार झाला होता. ज्यांना पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवण्यात आले, त्यांच्यातील सुमारे ४२ टक्के लोक वर्षभरानंतर दारूपासून पूर्णतः दूर होते. अन्य मान्यताप्राप्त उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. हे अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य देशांतील आहेत. शिवाय ४२ टक्क्यांचा दुसरा अर्थ असा की, निम्म्याहून अधिक लोकांना वर्षभर सलग दूर राहणे जमले नाही. सभा ही जादूची कांडी नाही. पण जो उपाय विनामूल्य आहे, आठवड्यातून अनेकदा उपलब्ध आहे आणि आयुष्यभर चालू ठेवता येतो, त्याचे एवढे यश लहान म्हणता येणार नाही.

पहिलीच सभा पसंत पडेल असेही नाही. एखाद्या गटात सगळे वयस्कर असतात, एखाद्यात भाषा परकी वाटते, एखाद्यात एकच वक्ता रेंगाळत राहतो. अशा वेळी 'हे आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढण्यापूर्वी निदान चार-पाच वेगवेगळ्या सभा पाहाव्यात, असे जुने सदस्य सांगतात. पुढे त्यांतलाच एखादा गट आपला होतो आणि अनुभवी सदस्यांपैकी एकजण मार्गदर्शक होतो. त्याला चळवळीत 'स्पॉन्सर' म्हणतात. रात्री अकरा वाजता ओढ अनावर झाली, तर ज्याला दूरध्वनी करता येतो असा माणूस मिळणे, हा सभेला जाण्याचा सर्वांत मोठा लाभ मानला जातो. मध्येच पाय घसरला तरी कुणी नाव कापत नाही, कारण नाव कुठे लिहिलेलेच नसते. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात होते.

आयुष्यभर दारूला शिवणार नाही, अशी शपथ या सभांत कुणी घालत नाही. फक्त आजचा दिवस, एवढाच करार असतो. उद्याचा उद्या. वर्ष पूर्ण झाले की त्या सदस्याचा 'वाढदिवस' साजरा होतो. घरची माणसे येतात आणि चाळिशीतला किंवा साठीतला माणूस आपले वय 'एक वर्ष' असे सांगतो.

रस्त्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला हे सारे ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्याच्या घरातील, कचेरीतील किंवा शेजारातील कुणाला ते ठाऊक असू शकते. त्याने पत्ता सांगून थांबू नये. रस्ता ओलांडेपर्यंत सोबत चालावे. फाटकापर्यंत पोहोचले की बहुधा आतूनच कुणीतरी उठून येतो, कारण त्या बाकांवर बसलेला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी त्या टपरीजवळ उभा राहिलेला असतो.